जुन्या टीव्हीची पाठ आधी, स्टिकचं खोकं नंतर

हॉलमध्ये बत्तीस इंची एचडी रेडी एलसीडी, आतल्या खोलीत एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. दोन्ही धडधाकट, दोन्ही ‘स्मार्ट’ नव्हेत. मोबाइलवर दिसतं ते या दोघांवर दिसावं आणि टीव्ही बदलावे लागू नयेत, एवढंच काम होतं. त्याची सुरुवात दुकानात झाली नाही. टॉर्च घेऊन टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला आणि त्याच्या पाठीचा फोटो काढला, तिथे झाली. स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआयला लावून इंटरनेटवरची ॲप दाखवणारं छोटं यंत्र, कुठली घ्यायची हे त्या फोटोवरून ठरतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘फोर-के’, ‘एचडीआर’, ‘ॲटमॉस’ वगैरेंचा अशा टीव्हीशी फारसा संबंध येत नाही.

एलसीडीच्या पाठीवर दोन एचडीएमआय, एक व्हीजीए, लाल-हिरवा-निळा असा कंपोनंटचा संच, पिवळा-पांढरा-लाल असा एव्हीचा संच आणि कडेला एक यूएसबी होतं. एका एचडीएमआयखाली बारीक अक्षरांत ‘डीव्हीआय’ असंही लिहिलेलं होतं. ते मुळात कॉम्प्युटर जोडण्यासाठी दिलेलं असतं, आणि काही टीव्ही त्या पोर्टवर आवाज वेगळ्या वायरने येईल असं धरून चालतात. त्यामुळे स्टिक दुसऱ्या पोर्टला लावायची हे तिथेच ठरलं. यूएसबीखाली ‘सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल तर त्याच्यावर कशासाठीही भरवसा ठेवू नये. ते कारागिरासाठी असतं.

ट्यूबच्या टीव्हीला मागे फक्त पिवळं आणि पांढरं असं एकच एव्ही, आणि अँटेनाची गोल पिन. लाल नाही म्हणजे आवाज मोनो. ही गोष्ट लिहून ठेवली, कारण पुढे तिच्यावरूनच एक जोडणी जास्तीची घ्यावी लागली.

ज्यांच्याकडे २०१०-१२च्या सुमाराचा पहिल्या पिढीतला ‘स्मार्ट’ टीव्ही आहे त्यांनाही हीच वाट आहे. त्यात ॲप दिसतात, पण उघडत नाहीत. टीव्ही बिघडलेला नसतो, ॲपची दुसरी बाजू बंद झालेली असते. यूट्यूबने २०१५मध्ये आपली जुनी यंत्रणा बंद केली तेव्हा २०१२पर्यंतच्या कितीतरी टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९मध्ये काही जुन्या टीव्हींचा आधार काढून घेतला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून यातलं काही परत येत नाही. अशा टीव्हीकडे आता नुसता पडदा म्हणून बघायचं आणि डोकं बाहेरून लावायचं.

एलसीडीचं काम तसं सोपं. एचडी रेडी म्हणजे पडद्यावर साधारण १३६६ गुणिले ७६८ ठिपके, आणि ७२०पी व १०८०आय हे सिग्नल घेण्याची खात्री. १०८०पी घेईलच असं त्या शिक्क्यात कुठेही म्हटलेलं नाही. काही टीव्ही घेतात, काही ‘सिग्नल सपोर्ट नाही’ म्हणून काळे पडतात. फोर-के स्टिक अशा टीव्हीला लावली तर चालते, ती स्वतःच खाली उतरून ७२०पी किंवा १०८०पी देते. फोर-केसाठी लागणारं एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) जुन्या टीव्हीत नसतं, पण एचडीपुरतं १.४ चालतं आणि २०१०च्या सुमाराच्या एचडीएमआयमध्ये ते असतं.

मग फोर-के स्टिकचे पैसे का द्यावेत? चित्रासाठी अजिबात देऊ नयेत. द्यायचेच तर मेमरीसाठी. साध्या एचडी स्टिकमध्ये बहुतेक वेळा १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकची तिसरी पिढी आणि एमआय टीव्ही स्टिक, दोन्हींचा हिशोब हाच. त्या ८ जीबीतला मोठा वाटा सिस्टिमच खाते. सहा-सात ॲप टाकले की जागा कमी असल्याची सूचना येऊ लागते, आणि एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की पहिलं पुन्हा मुळापासून उघडतं. २ जीबी रॅमची स्टिक एवढी धापा टाकत नाही. एलसीडीसाठी २ जीबीची घ्यावी आणि आतल्या खोलीसाठी, जिथे फक्त यूट्यूब आणि एखाददुसरं मालिकांचं ॲप चालणार, १ जीबीची पुरे, असं आम्ही ठरवलं. वर्षा-दोन वर्षांनी ॲप आणखी जड होतात हेही यात धरलं होतं. एचडीआर, डॉल्बी व्हिजन, वाय-फाय ६ यांतल्या एकाही शब्दासाठी या टीव्हीवर जास्तीचा रुपया देण्यात अर्थ नाही.

फायर टीव्ही की गूगल टीव्ही, यावर लोक तासन्‌तास भांडतात. आपली जी दोन-तीन ॲप रोज उघडणार आहेत ती त्या स्टिकवर मिळतात का, एवढंच आधी बघावं. झी५, जिओहॉटस्टार, सोनीलिव्ह, यूट्यूब दोन्हीकडे आहेत. एखादं छोटं मराठी ॲप किंवा घरच्या कीर्तनाच्या चॅनलचं ॲप एकीकडेच असू शकतं. बाहेरून फाइल आणून ॲप बसवायची सवय असेल तर आणखी एक पाहावं. ॲमेझॉनच्या काही नव्या स्टिकवर अँड्रॉइडऐवजी वेगा नावाची सिस्टिम येते, तिच्यावर असं बाहेरचं ॲप बसत नाही.

आता ट्यूबचा टीव्ही. खरा वेळ इथे गेला.

दुकानात विचारलं की पहिला पुढे येतो तो काळा चौकोनी अँड्रॉइड बॉक्स. त्याच्या मागे ३.५ मिमीचं एव्ही भोक असतं, सोबत पिवळी-पांढरी-लाल वायर मिळते, आणि ‘कन्व्हर्टर लागणार नाही, थेट जोडा’ असं सांगितलं जातं. खोटं नाही ते, जोडला की चित्र येतं. घोटाळा आत असतो. एमएक्सक्यू, टी९५ अशा नावांनी विकले जाणारे बहुतेक बॉक्स गूगलचं प्रमाणपत्र नसलेले असतात. त्यांत टीव्हीचा अँड्रॉइड नसतो, मोबाइलचा अँड्रॉइड टीव्हीवर ताणलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. रिमोटवर माउसचा बाण फिरवायचं बटण असतं आणि प्ले स्टोअर मोबाइलसारखं दिसतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणित नसल्याचं लिहिलेलं सापडतं. वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या पद्धतीचा वरचा दर्जा, एल१, नसल्यामुळे पैसे भरून घेतलेली ॲप एचडी देत नाहीत. ट्यूबच्या टीव्हीला ते चालून जाईल, कारण त्याला एचडी दिसतच नाही. पण टी९५ बॉक्समध्ये कारखान्यातूनच बसवून आलेला मालवेअर २०२३मध्ये एका अभ्यासकाने उघड केला, आणि जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच बॉक्समधून पसरलेल्या ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल जाहीर इशारा दिला. घरच्या वाय-फायवर, ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, असा बॉक्स बसवायचा नाही, यावर दुमत झालं नाही.

दुसरा मार्ग डीटीएच कंपन्यांच्या अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्सचा. यांतल्या काहींना एव्हीचं भोक असतं आणि ते रीतसर प्रमाणित असतात. डीटीएचचं कनेक्शन घ्यायचंच असेल तर ट्यूबच्या टीव्हीसाठी हा सगळ्यांत कमी वायरींचा उपाय. मात्र जाहिरातीवर न जाता त्या बॉक्सचीही पाठ बघावी, कारण मॉडेल बदललं की एव्ही गायब होतं. इथे केबल आधीपासून होतीच, म्हणून तिसरा मार्ग घेतला. एचडी स्टिक आणि मध्ये एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर.

या कन्व्हर्टरमध्ये दिशा चुकण्याची चूक सर्वांत जास्त होते. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या डब्या दोन कामांसाठी मिळतात. एक एचडीएमआय आत घेऊन एव्ही बाहेर देते, दुसरी नेमकी उलट. उलटी डबी कशीही जोडली तरी काम करत नाही. एचडीएमआयच्या भोकाजवळ ‘इन’ आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांजवळ ‘आउट’ असं छापलेलं हवं. तशीच एक नुसती वायर मिळते, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला तीन पिना. तिच्यात चिप नसते आणि चिपशिवाय डिजिटलचं ॲनालॉग होत नाही. ती स्वस्त असली तरी कचराच.

डबीच्या कडेला पाल आणि एनटीएससी असं छोटं स्विच असतं. आपल्याकडचे टीव्ही पालचे, म्हणून ते पालवर. बॉक्समधून येताना ते बहुधा एनटीएससीवर असतं आणि मग चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर-खाली सरकत राहतं. टीव्ही गेला असं वाटून घाबरू नये. स्विच सरकवल्यावर डबीची वीज एकदा काढून पुन्हा घालावी, कारण काही डब्या स्विच फक्त सुरू होताना वाचतात.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. आमच्या पहिल्या डबीवर मेनू झकास दिसला, यूट्यूब चाललं, आणि वर्गणीचं ॲप लावलं की आवाज चालू, पडदा काळा. स्टिकला समोरून एचडीसीपीची ओळख मिळाली नाही की असं होतं, आणि स्वस्त डब्यांपैकी सगळ्या ती देत नाहीत. म्हणून दुकानदाराने यूट्यूब दाखवून ‘बघा, चालतंय’ म्हटलं तर थांबायचं आणि वर्गणीचं एखादं ॲप लावायला सांगायचं. डबी चार-पाचशे रुपयांपासून मिळते. बदलून देण्याची बोली घेऊनच ती घ्यावी.

आवाजाचं तसंच. स्टिक आवाज कधीकधी डॉल्बीत पाठवते, डबीला आणि जुन्या टीव्हीला फक्त साधा स्टिरिओ पीसीएम कळतो. चित्र आहे, आवाज नाही किंवा नुसती खरखर, असं झालं तर वायर हलवत बसू नये. फायर टीव्हीत सेटिंगमधल्या डिस्प्ले आणि साउंडच्या खाली ऑडिओमध्ये सराउंड साउंडला पीसीएम किंवा स्टिरिओ करावं. एचडीएमआयच्या एलसीडीवरही हेच करावं लागू शकतं, तेव्हा दोन्हीकडे पहिल्याच दिवशी करून टाकलं.

आणि ती मोनोची गोष्ट. टीव्हीला फक्त पांढरं भोक असताना लाल पिन लोंबकळत ठेवली तर उजव्या बाजूचा आवाज येतच नाही. संवाद बहुधा मध्ये असतात म्हणून पटकन लक्षात येत नाही, पण गाण्यात एखादं वाद्य गायब झालेलं जाणवतं. दोन आरसीए (याच रंगीत पिनांचा प्रकार) माद्या आणि एक नर अशी वाय आकाराची छोटी जोडणी मिळते. पांढरी आणि लाल तिच्यात, आणि तिचं एक टोक टीव्हीत.

ट्यूबच्या टीव्हीचा आकार ४:३ आणि स्टिकचं चित्र १६:९. डबी ते पूर्ण पडदाभर ताणते आणि सगळी माणसं उंच, सडपातळ होतात. (घरात यावर कुणाची तक्रार नव्हती.) बऱ्याच फ्लॅट ट्यूबच्या टीव्हीत मेनूमध्ये ‘वाइड’ किंवा ‘१६:९’ असा पर्याय असतो. तो लावला की वर-खाली काळी पट्टी येते आणि चेहरे जागेवर येतात. ज्यांत हा पर्याय नाही त्यांना सडपातळ माणसांची सवय करून घ्यावी लागते.

पाल चित्राला दिसणाऱ्या रेषा ५७६ आणि सेकंदाला फ्रेम २५, म्हणजे ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम). स्टिक मात्र सवयीने ६० हर्ट्झवर पाठवते. ६०चे ५० करताना डबीला दर सहातली एक फ्रेम फेकावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. आपल्या मालिका आणि क्रिकेटचं प्रक्षेपण ५०च्या हिशोबात असतं. म्हणून स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ७२०पी, ५० हर्ट्झ निवडलं. फरक लगेच कळतो, विशेषतः खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीत. १०८०पी ठेवून इथे काहीही मिळत नाही, अक्षरं उलट आणखी किरटी होतात. एवढं करूनही मेनूमधली बारीक अक्षरं ट्यूबवर लांबून वाचता येत नाहीत. ते मान्य करूनच यात पडावं. शोध बोलून केलेला बरा.

जुने टीव्ही, ट्यूबचे तर नक्कीच, चित्राच्या कडा कापतात. कोपऱ्यातलं घड्याळ किंवा खालचं बटण अर्धं दिसत असेल तर स्टिकमध्ये डिस्प्ले कॅलिब्रेट करायचा पर्याय असतो. चारही कोपऱ्यांतले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र आत घ्यायचं. एलसीडीवर मात्र आधी टीव्हीच्याच मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय शोधावा. तो लागला तर स्टिककडे काही बदलायची गरज नसते आणि चित्रही जास्त रेखीव राहतं.

फक्त अँटेनाची पिन असलेल्या टीव्हीचं काय? डबीच्या पुढे आणखी एक आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे एव्हीचा सिग्नल अँटेनाच्या पिनेतून देणारी डबी, लावून ते होतं. त्यावर आवाजाची पद्धत निवडायचं बटण असेल तर ते बी/जी वर ठेवावं, नाहीतर चित्राबरोबर नुसती सुरसुर ऐकू येते. पण तीन ॲडॉप्टर, दोन डब्या आणि धुरकट चित्र एवढं करण्यापेक्षा तो टीव्ही आहे तसाच राहू द्यावा.

वीज हा विषय किरकोळ वाटतो, पण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. स्टिकला ५ व्होल्ट, १ अँपिअरच्या आसपास लागतं. जुन्या टीव्हीचं यूएसबी २.० अर्धा अँपिअर देतं. स्टिक त्यावर सुरू होते, लोगो दाखवते, वाय-फाय पकडताना ओढ वाढली की बंद पडून पुन्हा लोगो दाखवते. हे चक्र दिसलं की स्टिक खराब म्हणून परत करू नये, सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावावा. यूएसबीवर चालली तरी तोटा आहेच. टीव्ही बंद केला की स्टिकही मरते, प्रत्येक वेळी सुरू व्हायला मिनिटभर घेते आणि रात्रीचे अपडेट कधीच पूर्ण होत नाहीत. ट्यूबच्या टीव्हीच्या मागे कन्व्हर्टरलाही वेगळी ५ व्होल्टची वीज लागते, तिची वायर मिळते पण ॲडॉप्टर मिळत नाही. दोन यूएसबी असलेला २ अँपिअरचा एक चांगला चार्जर दोघांना पुरला. चार्जरवर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो दिवसरात्र प्लगमध्ये राहणार आहे.

एलसीडीच्या पाठीला चिकटून स्टिक लावली तर दोन गोष्टी होतात. ती तापते, आणि टीव्हीच्या पत्र्याआड वाय-फाय मंदावतं. खोक्यात एचडीएमआयची बोटभर लांबीची जोडवायर येते. भिंत आणि टीव्ही यांत जागा नाही म्हणून ती असते असं लोक समजतात, पण जागा असली तरी लावावी. स्टिक जरा बाहेर, मोकळ्या हवेत राहते आणि सिग्नलही सुधारतो. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. फुल एचडीला, म्हणजे १०८०पीला, नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस सांगतं, ७२०पीला ३ पुरतो. त्यामुळे या टीव्हींसाठी ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवायची काहीच गरज नाही.

रिमोटचा निकाल मात्र घेण्याआधी लावायला हवा. नव्या टीव्हीत स्टिकच्या रिमोटने एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्ही चालू-बंद होतो. जुन्या एलसीडीतही ही सोय कधीकधी असते, पण प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय आणि ती बंद ठेवलेली असते. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. मेनूत हे नाव सापडलं तर चालू करावं. नाही सापडलं, तर स्टिकच्या रिमोटला इन्फ्रारेड आणि आवाज कमी-जास्त करायची बटणं आहेत ना हे पाहावं. फायर टीव्ही स्टिक लाइटच्या रिमोटला ती नव्हती, आणि घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्या थोड्या बचतीपायी रोज दोन रिमोट हातात घ्यावे लागतात. सेटअपमध्ये टीव्हीची कंपनी विचारली जाते. यादीतलं पहिलं सूत्र जुळलं नाही तर ‘नाही’ म्हणत पुढचं पुढचं आजमावत राहावं, आम्हाला तिसऱ्याला जुळलं. ट्यूबचा टीव्ही स्थानिक ब्रँडचा असेल तर बहुधा काहीच जुळत नाही. तिथे जुना रिमोट राखून ठेवायचा आणि त्याचं ‘एव्ही’ बटण कुठलं ते रंगीत टिकलीने दाखवायचं.

शेवटी, टीव्हीच काळा पडला तर. स्टिक एखाद्या नव्या टीव्हीवर लावून बघितली आणि मग जुन्यावर आणली, की ती १०८०पीवर अडकलेली असू शकते. फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचं बटण आणि चित्र मागे नेण्याचं (रिवाइंड) बटण एकत्र पाच-दहा सेकंद दाबून धरावं. स्टिक एकेक रिझोल्युशन दाखवत जाते, चित्र दिसलं की तिथेच निवडायचं. ही युक्ती, कन्व्हर्टरचं स्विच पालवर, ऑडिओ पीसीएमवर, डिस्प्ले ७२०पी ५० हर्ट्झवर, आणि खरेदीचा पिन, असं सगळं एका कागदावर लिहून तो टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीने लावला. पिन मात्र नंतर खोडला, कारण नातवंडं टॉर्च घेऊन मागे जाऊ लागली होती.